बारा गड, एक गाडी आणि मधला रस्ता

माननीय पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस



११ जुलै २०२५ला पॅरिसच्या बैठकीत जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांवर मोहोर उमटवली आणि माझ्यासारख्या, सुट्टी मिळाली की गाडी काढून निघणाऱ्या माणसांचे फोन वाजू लागले. प्रश्न एकच. "आठ दिवसांची रजा टाकलीय, गाडी आपलीच आहे, बाराही गड एका दमात होतील का?" विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा कुठून तरी आलेला नकाशा असतोच. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, राजगड, रायगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग असे अकरा ठिपके, बारावा ठिपका खाली तमिळनाडूत जिंजीला, आणि सगळ्यांना ओवणारी एक जाड लाल रेघ. अशा सहलीला हल्ली 'सर्किट' म्हणतात. आपल्या खात्यातही असा नकाशा तयार होत असेल, तर तो छापखान्यात जाण्याआधी हे पत्र वाचावे, एवढीच विनंती.

त्या रेघेत काय चुकते ते राजगड आणि रायगड या जोडीवरून सांगतो. हवा स्वच्छ असेल तर राजगडावरून रायगड दिसतो. सरळ रेषेत अंतर साधारण २५ किलोमीटर. पहिल्या राजधानीवरून दुसरीकडे बघायचे आणि म्हणायचे, चला, जेवायच्या वेळेपर्यंत पोचू. पण मध्ये सह्याद्रीची अख्खी भिंत आहे. गाडीला गुंजवण्यातून नसरापूर, भोर, मग वरंध घाट उतरून महाड आणि तिथून पाचाड असे शंभरावर किलोमीटर जावे लागते. वरंध पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंद असतो. मग ताम्हिणीचा वळसा. त्याआधी सकाळी राजगड चढून उतरलेले असता, गुडघे बोलू लागलेले असतात, आणि घाटात क्लच दाबणारा पाय तोच असतो. नकाशात यातले काहीही दिसत नाही, कारण नकाशा किलोमीटर मोजतो आणि चालकाचा दिवस तासांनी संपतो.

म्हणून माझी पहिली मागणी रस्त्याची नाही, वेळापत्रकाची आहे. एसटीचे असते तसे, साधे. अमुक गडाचा पायथा, तिथवर गाडी कशी जाते, गाडी कुठे लावायची, पायी किती वेळ, कोणाला झेपेल, शेवटचा प्रवेश कधी, उतरल्यावर मुक्काम कुठे. या बारांपैकी आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत आणि साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. गाडीवाल्याला कोणता गड कोणाच्या ताब्यात आहे याच्याशी देणेघेणे नसते. त्याला एका कागदावर सगळे हवे असते, आणि तो कागद दोन्ही सरकारांच्या खात्यांना एका टेबलावर बसवून फक्त आपणच काढू शकता.

त्या कागदावर थोडा स्पष्टवक्तेपणा असावा. घरात सत्तरीचे आईवडील असतील तर पन्हाळा, विजयदुर्ग, प्रतापगड बिनदिक्कत करावेत. पन्हाळ्यावर तर गावच वसलेले आहे, गाडी तटाच्या आत जाते. शिवनेरीला पायऱ्या रुंद आहेत, सात दरवाजे थांबत थांबत पार करता येतात. रायगडाला १९९६पासून रोपवे आहे, मात्र सुट्टीच्या दिवशी तिथली रांग बघून अनेकजण पायऱ्यांचाच रस्ता धरतात, आणि त्या पायऱ्या हजारावर आहेत. राजगड आणि साल्हेर मात्र वयस्करांना घेऊन करू नयेत, असे सरळ छापा. कोणी रागावणार नाही. अर्ध्या वाटेवर कातळात कोरलेल्या पायरीशी बसून राहिलेल्या काकूंना 'आता थोडंच राहिलं' म्हणत ओढणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांना हे कोणीतरी घरी असतानाच सांगायला हवे होते.

साल्हेरचे तर वेगळेच. १५६७ मीटर उंचीचा हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला, कळसूबाईखालोखालचे शिखर. नाशिकहून सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर असे बागलाणात शिरलात की मुल्हेर, मोरा, हरगड यांची रांग आधी समोर येते आणि नवखा माणूस त्यातल्याच एकाला साल्हेर समजून फोटो काढतो. वाघांब्याहून चढलात तर साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीत पोचता, तिथून वर परशुरामाच्या देवळापर्यंतचा चढ उरतोच. एक पूर्ण दिवस साल्हेरला आणि आदली रात्र सटाण्यात, याहून कमी वेळात जो कोणी साल्हेर 'करून' देतो तो पायथ्याचा फोटो देतो. आणि पायथ्याशी उभे राहून बघायचे ते मैदान, जिथे १६७२च्या फेब्रुवारीत मोरोपंत आणि प्रतापराव यांनी मोगलांना उघड्यावर, समोरासमोर हरवले आणि सूर्याजी काकडे पडले, तिथे नवख्याला गाडी थांबवायचे सुचावे असे काही हवे.

इथे मुद्द्यावर येतो. हे मानांकन बारा दगडी वास्तूंना मिळालेले नाही. नोंदीतच 'लष्करी भूप्रदेश' असे शब्द आहेत. डोंगर, घाटवाटा, खाड्या, बंदरे, जंगल आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे किल्ले, असे ते सगळे एकत्र. लोहगड तिथे का, तर बोरघाटाची वाट तिथून राखता येते. शिवनेरीखाली जुन्नरची बाजारपेठ आणि कोकणात उतरणारा नाणेघाट. प्रतापगड जावळीच्या जंगलात, पार घाटाच्या डोक्यावर. साल्हेरच्या ताब्यात बागलाण आणि सुरतेकडे जाणाऱ्या वाटा. खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडावर, विजयदुर्ग वाघोटनच्या मुखाशी. हे सारे गडावर जाऊन कळत नाही, गडाकडे जाताना कळते. म्हणजे ज्याला हे मानांकन समजून घ्यायचे आहे त्याच्यासाठी मधला प्रवास हाच अर्धा अभ्यास आहे, आणि तो स्वतः गाडी चालवणाऱ्यालाच सर्वांत नीट घडतो. बसमध्ये माणूस घाटात झोपतो. चालकाला झोपायची सोय नसते.

तरीही आपले फलक सगळे गडाच्या दारात. रोज हजारो गाड्या पुणे-मुंबई रस्त्याने जातात, मळवलीच्या बाजूला लोहगड आणि विसापूर जोडीने उभे असतात, आणि गाडीत कोणालाही ठाऊक नसते की आपण ज्या घाटाकडे चाललोय त्याचे हे पहारेकरी. माझी दुसरी मागणी म्हणून अशी: फलक गडावरून खाली आणा. आंबेनळी घाटात, वरंधच्या माथ्यावर, बोरघाट सुरू होण्याआधी, जिथे गाडी सुरक्षित थांबवायला जागा आहे तिथे उभे करा. चार ओळी पुरेत. हा घाट कुठून कुठे जातो, कोण तो राखायचे, समोरच्या डोंगरावर काय दिसते. महाडहून प्रतापगडाकडे निघालेल्या माणसाला पोलादपूरजवळच्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे हे कळले तर तो थोडी वाट वाकडी करेल. पाचाडात जिजाऊंची समाधी आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४चा आणि त्या महिन्याच्या १७ तारखेला त्या गेल्या. रायगडाच्या रोपवेची रांग जिथे लागते तिथून हे ठिकाण थोड्याच अंतरावर आहे, आणि रांगेतले बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत.

आता समुद्र. किनाऱ्यावरचे चार किल्ले घ्यायचे तर वेळापत्रक आपल्या हातात राहत नाही. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग या तिन्ही बेटांवर होडीशिवाय जाता येत नाही आणि पावसाळ्याचे महिने होड्या बंद. जूनमध्ये ढग बघून हुरूप आलेला माणूस मालवणच्या धक्क्यावर उभा राहून लांबूनच तट बघतो आणि परत फिरतो. बाराही किल्ले एका मोसमात हवे असतील तर ऑक्टोबरच्या आधी निघण्यात अर्थ नाही, आणि एप्रिल-मेमध्ये जिंजीचा कातळ चढायची कल्पना ज्याने केली त्याने आधी दुपारी दोन वाजता स्वतःच्या गच्चीवर अनवाणी उभे राहून बघावे.

भरती-ओहोटीचेही तसेच. कोकणातला म्हातारा माणूस भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघतो, तिची पाऊणपट करतो आणि भरतीची वेळ सांगतो. सप्तमी असेल तर सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे सव्वापाचला पूर्ण भरती, सव्वाअकराच्या सुमारास ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, दक्षिणेकडे थोडाफार फरक पडतो, पण मुक्काम कुठे करायचा हे ठरवायला पुरतो. सुवर्णदुर्गासाठी हर्णैला तांडेल वारा आणि पाणी बघून होडी सोडायची की नाही ते ठरवतो. त्याच्याशी हुज्जत घालू नये. होडी नाही म्हणाला तर किनाऱ्यावरचे कनकदुर्ग आणि गोवा किल्ला पायी बघावेत, आणि संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव ऐकावा. बोली इतकी भरभर चढते की नवख्याला शेवटी कोणती टोपली कोणाला गेली तेही कळत नाही. या वेळा, होड्यांचे दर आणि खांदेरीसाठी थळच्या किनाऱ्यावर कोणाला भेटायचे एवढे आपल्या खात्याने अधिकृतपणे छापले, तर निम्मी भांडणे आपोआप मिटतील.

किनाऱ्याचा रस्ता हा या सगळ्या प्रवासाचा गाभा आहे असे माझे मत. मुंबईकराने भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवून मांडव्याला उतरावे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड. मुरूडला जंजिरा दिसतो, तो या यादीत नाही, कारण तो मराठ्यांना कधी मिळालाच नाही. पण त्याच्यासमोर समुद्रात शिवाजी महाराजांनी बांधवलेला पद्मदुर्ग बघितल्याशिवाय खांदेरी समजत नाही. १६७९मध्ये महाराजांनी खांदेरी बांधायला घेतला तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही धावून आले. खांदेरी हटेना तेव्हा सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तट चढवला. दोन बेटे, मध्ये चिंचोळे पाणी, एकमेकांवर रोखलेल्या तोफा. मुरूडपुढे आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटी. ओहोटीच्या वेळी बोटीची लोखंडी फळी धक्क्याच्या शेवाळलेल्या उतारावर खाली टेकते. खलाशी हाताने 'येऊ द्या, येऊ द्या' करतो आणि मग एकदम मूठ आवळतो. तिथे ब्रेक लागला पाहिजे. पुढच्या गाडीच्या डिकीला आपला बंपर जेमतेम बोटभर अंतरावर. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि मग उतरून कठड्याला टेकायचे. अलीकडे या खाड्यांवर मोठे पूल उभे राहत आहेत. गावकऱ्यांसाठी पूल हवेतच. पण पूल झाले म्हणून फेरीबोटी मोडीत निघू नयेत. वासिष्ठीच्या मुखातून दाभोळ पाण्यावरून बघितले की ते बंदर इतकी शतके का नांदले ते आपोआप कळते.

विजयदुर्गाला पोचायचे तर जैतापूरकडून आलात तरी वाघोटनच्या खाडीला वळसा पडतो. घाटावरून येणाऱ्याने पन्हाळा करून गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे असे उतरावे. ही वाट मला जास्त आवडते, कारण एका दिवसात पठारावरचा किल्ला आणि समुद्रातला किल्ला दोन्ही पदरात पडतात. इथे एक कटू गोष्ट लिहायची आहे. १७५५मध्ये इंग्रज कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि १७५६च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाखाली आंगऱ्यांचे आरमार जाळले, तेव्हा तुळाजी आंगऱ्यांविरुद्ध पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. आपल्याच आरमाराच्या राखेवर आपलीही सही आहे. फलकांवर हे लिहा. पोवाड्यात बसत नाही म्हणून इतिहासातून गाळू नका. वारसा बघायला जो स्वतःच्या पेट्रोलने आठशे किलोमीटर येतो त्याला एवढे ऐकण्याची ताकद असते.

विजयदुर्ग ते मालवण देवगड, कुणकेश्वर, आचरा मार्गे. सिंधुदुर्गाबद्दल फार लिहीत नाही, त्याला गर्दी कमी नाही. सकाळच्या पहिल्या होडीने जावे, शिवराजेश्वराच्या देवळात आधी जावे आणि मग तटावरून फिरावे, एवढेच.

राहिला जिंजी. बहुतेक योजनांत तो 'जमल्यास' या सदरात असतो, किंवा विमानाने चेन्नईला उतरून उरकायचा असतो. माझे म्हणणे उलटे आहे. तो वेगळ्या, स्वतंत्र प्रवासाचा शेवट असावा आणि त्या प्रवासाची सुरुवात पन्हाळ्यावरून व्हावी. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर १६८९च्या सप्टेंबरात राजाराम महाराज पन्हाळ्यावरून निघाले आणि नोव्हेंबरात जिंजीला पोचले. मोगल मागावर, वाटेत वेष पालटून प्रवास, केळदीच्या राणी चेन्नम्माने दिलेला आश्रय. आज तोच पल्ला मोठ्या महामार्गाने होतो. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर, कृष्णगिरी, तिरुवण्णामलै आणि जिंजी. फास्टॅगमध्ये पैसे असले की रस्ता कुठे अडत नाही. पण हे नुसते हाकत नेऊ नये. दावणगेरेजवळ महामार्ग सोडून चन्नगिरी तालुक्यातल्या होदिगेरेला जावे, तिथे शहाजीराजांची समाधी आहे. १६६४च्या जानेवारीत शिकारीत घोड्यावरून पडून ते तिथे गेले. शिमोग्याकडे एक दिवस जास्त काढता आला तर केळदी आणि इक्केरी.

जिंजी म्हणजे एक गड नव्हे. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या आणि त्यांना कवेत घेणारा तट. मोठमोठे गोलाकार दगड एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे. सह्याद्रीचा थरांचा कातळ बघून गेलेल्या डोळ्यांना हा ग्रॅनाइटचा पसारा पहिल्यांदा पटतच नाही. दुपार टळल्यावर राजगिरी चढायला सोडत नाहीत, म्हणून आदल्या रात्री तिरुवण्णामलैला मुक्काम करून सकाळी लवकर पोचावे. माथ्याच्या अलीकडे कातळात खोल भेग आहे आणि तिच्यावरून एक अरुंद पूल. तो काढून घेतला की वरचा बालेकिल्ला जगापासून तुटतो. मोगल सरदार झुल्फिकारखानाने १६९०पासून १६९८पर्यंत वेढा दिला, तो का इतका चालला, याचे उत्तर त्या पुलावर उभे राहून खाली पाहिले की मिळते. तिथला वाटाड्या मात्र आपल्याला राजारामापेक्षा देसिंग राजाबद्दल जास्त सांगतो. १७१४मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना तो मारला गेला आणि तमिळ गाण्यांत अमर झाला. ऐकावे. किल्ला त्यांचाही आहे.

आणि तिथवर गेलाच आहात तर आणखी चारेक तास खाली तंजावरला. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३मध्ये सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसल्यांचा इतिहास मराठीत आहे, सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत, आणि गावात अजूनही घरात आपली मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. तमिळनाडू आणि कर्नाटक सरकारांशी बोलून या वाटेवर मराठी, कन्नड, तमिळ अशा तिन्ही भाषांत फलक लावता आले तर ते आपल्या कारकिर्दीतले खरे काम होईल. खर्चही फारसा नाही.

शेवटी काय करू नये तेही लिहितो, कारण मला त्याची जास्त धास्ती आहे. गाडीवाल्यांच्या सोयीसाठी म्हणून राजगडाच्या पाली दरवाज्यापर्यंत किंवा साल्हेरच्या खिंडीपर्यंत डांबर नेऊ नका. आमच्यातलेच काही जण तशी मागणी करतील, त्यांचे ऐकू नका. गाडीने पायथ्याला थांबावे. तिथे सावली, पाणी, स्वच्छतागृह, गाडी लावायला सपाट जागा आणि गावातल्याच कोणाच्या घरी पिठलं-भाकरीची सोय एवढे असले की पुरे. पार्किंगचे पैसे ग्रामपंचायतीला जावेत, पावती मिळावी. विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढत आहेत, तेव्हा सटाणा, जुन्नर, महाड, दापोली, मालवण अशा ठिकाणी चार्जिंगची सोय असावी, गडाच्या दारात नको.

आणि तो कागद, ते वेळापत्रक, या दिवाळीपर्यंत झाले नाही तरी चालेल. पण काढायच्या आधी आपल्या खात्यातल्या एका अधिकाऱ्याला, ड्रायव्हर न देता, स्वतःच्या गाडीने ही वाट एकदा फिरून यायला सांगा. बरोबर त्याचे आईवडील आणि शाळेत जाणारे पोर असावे. परत आल्यावर तो जे लिहील ते छापा.

कळावे,
आपला,
गाडी चालवणारा एक नागरिक